आद्याक्षराचा मोह

माझ्याकडे एक जुनी वही आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. तिच्या पहिल्या पानावर मी विशीत असताना ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवले आहे : ‘जी आणि एल जवळ आले की उजेड पडतो.’ त्याखाली शब्दांची रांग आहे. ‘ग्लो’ म्हणजे मंद तेजाने उजळणे, ‘ग्लीम’ म्हणजे चमक, ‘ग्लिटर’ म्हणजे झगमगणे, ‘ग्लिमर’ म्हणजे मिणमिणणे, ‘ग्लिसन’ म्हणजे ओलसर लकाकणे, ‘ग्लेअर’ म्हणजे डोळे दिपवणारा प्रकाश, ‘ग्लॉस’ म्हणजे तकाकी, ‘ग्लास’ म्हणजे काच. मग रांग प्रकाशाकडून नजरेकडे वळते : ‘ग्लान्स’, ‘ग्लिम्प्स’. शेवटी प्रकाशाची लाक्षणिक रूपे : ‘ग्लोरी’ आणि ‘ग्लॅमर’.

इंग्रजी मी शाळेत जेमतेम शिकलो. पुढे जे काही आले ते कोश वाचून. कोश वाचून भाषा शिकणाऱ्याला एक गोष्ट दिसते, जी ती भाषा बोलत वाढलेल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. कोशात शब्द शेजारी शेजारी बसलेले असतात आणि काही दिवसांनी शेजाऱ्यांचे चेहरे सारखे वाटू लागतात. मला वाटले, आपल्याला किल्ली सापडली. त्या आनंदात मी एक लेख लिहून एका मासिकाकडे पाठवला. तो साभार परत आला. समासात संपादकांनी पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला होता : ‘ग्लव्ह कुठे गेला?’

ग्लव्ह, म्हणजे हातमोजा, कुठेही गेला नव्हता. कोशात तो ‘ग्लोरी’नंतर लगेच भेटणाऱ्या शब्दांपैकी होता आणि मी तो पाहिलाही होता. फक्त वहीत उतरवला नव्हता. ‘ग्लू’ म्हणजे डिंक, ‘ग्लँड’ म्हणजे ग्रंथी, ‘ग्लोब’ म्हणजे गोल, ‘ग्लटन’ म्हणजे खादाड, ‘ग्लूम’ म्हणजे चक्क अंधार, हे सगळे मी गाळले होते. खोटे काही लिहिले नव्हते. सोयीचे तेवढे लिहिले होते.

ती वही यंदा पुन्हा बाहेर काढावी लागली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा शेजारचा एक मुलगा शब्दसंग्रह वाढवण्याची एक पुस्तिका घेऊन आला. तिच्यात इंग्रजी शब्दांच्या पहिल्या एकदोन अक्षरांवरून अर्थ ओळखण्याची युक्ती दिली होती. तीत जी-एलसमोर ‘प्रकाश’ असे छापलेले. त्या भरवशावर त्याने सराव परीक्षेत ‘ग्लिब’ या शब्दाचा अर्थ ‘तेजस्वी’ असा निवडला होता. खरा अर्थ होता सफाईदार पण वरवरचे बोलणारा. ‘काका, ही युक्ती खरी आहे का?’ त्याने विचारले. माझ्या पहिल्या पानावर जे लिहिले आहे, तेच त्याच्या पुस्तिकेत होते. हा लेख म्हणजे त्याला द्यायचे उत्तर आहे. तीस वर्षांपूर्वी स्वतःला द्यायला हवे होते, तेही.

एका गणितज्ञाची यादी

ही कल्पना काही केवळ पुस्तिकावाल्यांची नाही. तिचे कूळ मोठे आहे. १६५३ मध्ये जॉन वॉलिस याने इंग्रजीचे व्याकरण लिहिले, तेही लॅटिनमध्ये. वॉलिस ऑक्सफर्डचा गणिताचा प्राध्यापक. अनंतासाठी आपण आडव्या आठासारखे जे चिन्ह वापरतो ते त्याने रूढ केले. आपल्या व्याकरणात त्याने इंग्रजी शब्दांच्या आरंभीच्या व्यंजनांची यादी केली आणि प्रत्येकाला एक भाव लावला. एस-टी-आर असेल तर जोर : ‘स्ट्राँग’, ‘स्ट्राइक’, ‘स्ट्रगल’, ‘स्ट्रेच’. एस-टी असेल तर स्थिरता : ‘स्टँड’, ‘स्टे’, ‘स्टिफ’. डब्ल्यू-आर असेल तर पीळ किंवा वाकडेपणा : पिळण्याचा ‘रिंग’, मुरगळण्याचा ‘रेंच’, मनगटाचा ‘रिस्ट’, सुरकुतीचा ‘रिंकल’, गुंफलेल्या वेलपुष्पांचा ‘रीथ’. परकीयांना इंग्रजी शिकवताना या भाषेत एक आतली शिस्त आहे, हे त्याला दाखवायचे होते.

वॉलिसची यादी वाचताना मान डोलते, हे कबूल केले पाहिजे. आपल्याकडे तर ती जरा लवकरच डोलते. बारशाच्या आधी नक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर काढणारा आपला समाज. नावाच्या पहिल्या अक्षरात माणसाचे काहीतरी दडलेले असते, हा संस्कार नकळत आपल्यात असतो. मग शब्दाच्या पहिल्या अक्षरात अर्थ दडलेला का नसावा?

पण एखादी यादी पटणे आणि ती खरी असणे यांत अंतर आहे. ते मोजायला दोन साध्या कसोट्या पुरतात. पहिली : त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द तो अर्थ देतात का? दुसरी : त्या अर्थाचे सगळे शब्द त्या अक्षरांनी सुरू होतात का? पहिल्या कसोटीवर ‘ग्लव्ह’, ‘ग्लू’ आणि ‘ग्लँड’ आडवे येतात. दुसरीची गत अधिकच वाईट. ‘लाइट’, ‘ब्राइट’, ‘शाइन’, ‘सन’, ‘स्टार’, ‘फ्लेम’, ‘स्पार्क’, ‘बीम’ : इंग्रजीतले प्रकाशाचे हे रोजच्या वापरातले शब्द. यांतल्या एकाच्याही तोंडी जी-एल नाही. खुद्द सूर्यच ज्या नियमाबाहेर राहतो, त्याला प्रकाशाचा नियम कसे म्हणावे?

ग्रीकांचे चिकट ‘ग्ल’ आणि पतंजलींची विहीर

याहून मोठा पुरावा मला उशिरा सापडला, प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादात. नावे वस्तूला स्वभावतः जुळतात की माणसांनी ठरवल्यामुळे, हा त्या संवादाचा विषय. त्यात सॉक्रेटिस एके ठिकाणी अक्षरांचे गुण सांगू लागतो. ‘र’मध्ये गती आहे, कारण तो उच्चारताना जीभ थरथरते. ‘ल’मध्ये गुळगुळीतपणा आहे, कारण जीभ घसरते. आणि घसरणाऱ्या ‘ल’ला आधीच्या ‘ग’ने अडवले की काय होते? चिकटपणा. उदाहरणादाखल तो ग्रीकमधले चिकट, गोड आणि लिबलिबीत या अर्थाचे शब्द देतो. ते सगळे ‘ग्ल’ने सुरू होतात.

ध्वनी तोच, जोडी तीच. इंग्रजी कानाला तिच्यात चकाकी ऐकू येते, ग्रीक कानाला चिकटा. ‘ग्ल’मध्ये निसर्गतःच काही अर्थ असता तर तो समुद्र ओलांडताना बदलला नसता. प्लेटोची गंमत अशी की तो हा खेळ मांडून पुढे स्वतःच मोडतो. ग्रीकमध्ये कठीणपणाला जो शब्द आहे त्यात मऊ ‘ल’ बसलेला आहे, याकडे सॉक्रेटिस लक्ष वेधतो आणि विचारतो, तरी तो शब्द आपल्याला कळतोच ना? मग तो रूढीने कळतो, असे म्हणायला नको का?

हाच प्रश्न आपल्याकडे पतंजलींनी महाभाष्यात घेतला आहे. त्यांचा काळ साधारणपणे इसवीसनपूर्व दुसरे शतक मानतात. मला संस्कृत व्याकरण गुरूकडे बसून शिकता आले नाही. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्य मराठीत आणून ठेवले म्हणून माझ्यासारख्याला त्या दारातून डोकावता आले. सुटा वर्ण अर्थवान आहे की निरर्थक, असा तिथे वाद आहे. पूर्वपक्षाचा दाखला मोठा सुटसुटीत आहे : कूप, सूप आणि यूप. म्हणजे विहीर, वरण आणि यज्ञातला खांब. (हे सूप संस्कृतातले, आपले धान्य पाखडायचे नव्हे.) पहिला वर्ण बदलला की अर्थ बदलतो, मग अर्थ त्या वर्णातच असला पाहिजे, असा युक्तिवाद.

त्यावरचे उत्तर मला आजही ताजे वाटते. क, स आणि य यांच्या बदलानेच जर अर्थ बदलत असेल, तर उरलेला भाग तिन्ही शब्दांत समान आहे. मग विहिरीचा बराचसा अर्थ वरणात यायला हवा आणि वरणाचा खांबात. तसे तर काही होत नाही. म्हणून हे तीन शब्द म्हणजे एकाच वस्तूची बदललेली टोके नव्हेत, तीन वेगळे समुदाय आहेत. रथाचे सुटे भाग एकेकटे कुठे जात नाहीत, जुळले की रथ चालतो. तसा अर्थ वर्णांच्या समुदायाला असतो, सुट्या वर्णाला नाही.

माझ्या वहीतल्या पहिल्या पानाला याहून नेमके उत्तर नाही. ‘ग्लो’मधून ‘ग्ल’ काढून ठेवा, मागे उरलेल्या ‘ओ’ला काय अर्थ आहे? ‘ग्लिटर’मधून काढा, उरलेले ‘इटर’ काय सांगते? ‘ग्ल’ जर प्रकाश सांगत असेल, तर बाकीच्या तुकड्याने मंद की झगमगीत हे सांगायला हवे. तो तुकडा दुसरीकडे कुठेही ते काम करत नाही.

शब्द कुठून आले

तरीही प्रश्न संपत नाही. ‘ग्ल’मध्ये मुळात अर्थ नसेल, तर चकाकीचे इतके शब्द एका जागी जमले कसे? योगायोग म्हणून हात झटकायला ते फार आहेत. इथे कोश पुन्हा उघडावा लागतो, पण अर्थासाठी नव्हे, व्युत्पत्तीसाठी. शब्दांची जन्मकुंडली पाहिली की ही गर्दी तीन वेगवेगळ्या वाटांनी जमलेली दिसते.

पहिली वाट रक्ताच्या नात्याची. ‘ग्लो’, ‘ग्लीम’, ‘ग्लास’ हे इंग्रजीचे जुने, जर्मानिक घराण्यातले शब्द आहेत. बहुतेक व्युत्पत्तिकोश त्यांना चमकणे आणि पिवळसर-हिरवा रंग या अर्थांच्या एका प्राचीन भारोपीय धातूशी जोडतात. त्याच कुळात ‘गोल्ड’ येतो आणि ‘यलो’ही. म्हणजे या घराण्याचे सर्वांत तेजस्वी अपत्य, सोने, याच्या तोंडी ‘ग्ल’ नाही आणि पिवळ्या रंगाच्या तोंडी तर ‘ग’सुद्धा नाही. संस्कृतातले हरि, हरित, हिरण्य हेही याच कुळातले मानतात. हरित्‌पासून हरिद्रा आणि हरिद्रेपासून आपली हळद. इंग्रजी ‘ग्लो’ आणि मराठी हळद हे दूरचे भाऊबंद आहेत, हे पहिले अक्षर पाहून कोणाला कळले असते? नाते होते, पण ते अक्षराने झाकून टाकले.

वॉलिसच्या डब्ल्यू-आरचेही असेच. वळणे-पिळणे या अर्थाच्या एका जुन्या धातूपासून त्यातले बरेच शब्द आले आणि आपले वर्तुळ, आवर्त, परिवर्तन ज्या वृत् धातूचे, तो त्यांचा नातलग. चूक या अर्थाचा ‘राँग’ मुळात वाकडा या अर्थाचा. वाकडे पाऊल पडणे म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. पण याच रांगेत लिहिण्याचा ‘राइट’ही उभा आहे आणि तो या घराण्यातला नाही. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे. लिहिताना मनगट वळते म्हणून तोही पिळाचाच शब्द, असे कोणी म्हणाले तर ऐकायला छान वाटते, इतकेच. शिवाय आज या शब्दांतला डब्ल्यू कोणी उच्चारत नाही. तो केवळ डोळ्यांसाठी उरला आहे.

दुसरी वाट योगायोगाची. ‘ग्लोरी’ लॅटिनमधून आला, ‘ग्लोब’ आणि ‘ग्लँड’ही लॅटिनमधून. ‘ग्लॉस’ तर दोन आहेत. तकाकी या अर्थाचा एक आणि टीप-टिप्पणी या अर्थाचा दुसरा. दुसरा ग्रीकमधल्या जिभेसाठीच्या शब्दातून आला, त्यातूनच ‘ग्लॉसरी’. दोघांचे रूप एक, अक्षरे एक, पण पूर्वज वेगळे. एका दाराच्या दोन बिऱ्हाडांना एक कुटुंब समजण्यासारखे ते होईल.

तिसरी वाट सर्वांत महत्त्वाची आणि माझ्या तरुणपणच्या लेखात ती अजिबात नव्हती. काही शब्द निराळ्याच अर्थाचे होते. ते या शेजारात येऊन राहिले आणि हळूहळू शेजाऱ्यांसारखे झाले.

‘ग्लान्स’ पाहा. त्याचे नाते घसरण्याच्या अर्थाच्या एका फ्रेंच शब्दाशी सांगतात. वार निसटून तिरका जाणे हा त्याचा जुना अर्थ. मग तिरकी चमक, मग निसटती नजर. ‘ग्लॅड’ मुळात तेजस्वी, चकचकीत. पुढे तो आनंदी झाला आणि आज त्यात उजेड उरलेला नाही. म्हणजे एक शब्द उजेडाकडे आला, दुसरा उजेडातून निघून गेला.

आणि ‘ग्लॅमर’. माझ्या मते इंग्रजी कोशाच्या जी-एलच्या पानांतला हा सर्वांत बोलका शब्द. तो ‘ग्रामर’ या शब्दाचेच स्कॉटिश रूप आहे. मध्ययुगात ग्रामर म्हणजे लॅटिनची विद्या. ज्यांना लिहितावाचता येत नव्हते त्यांच्या लेखी पोथी वाचणारा म्हणजे मंत्रतंत्र जाणणारा. त्यामुळे ग्रामर या शब्दाला जादूटोण्याचा अर्थ चिकटला. स्कॉटलंडमध्ये त्यातल्या ‘र’चा ‘ल’ झाला आणि नजरबंदी, भुरळ या अर्थाने ‘ग्लॅमर’ वावरू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर वॉल्टर स्कॉटच्या लेखनातून तो सर्वदूर पोचला. आज त्याचा अर्थ झगमगाट, दिपवणारे सौंदर्य. ‘ग्र’चा ‘ग्ल’ होताना त्यात कोणी प्रकाश ओतला नव्हता. पण एकदा ‘ग्ल’च्या वस्तीत आल्यावर ‘ग्लिटर’, ‘ग्लो’ आणि ‘ग्लॉस’ यांच्या संगतीने त्याच्यावर चकाकी चढली, असे मला वाटते. व्याकरणाला जादू समजणारी माणसे आणि अक्षरात अर्थ शोधणारा मी, यांत फार अंतर नव्हते.

शिंक कशी बदलली

शेजाराच्या ओढीचा याहून ठळक दाखला जी सोडून एस-एनच्या पानांवर मिळतो. इंग्रजीत नाकाशी संबंधित कितीतरी शब्द ‘स्न’ने सुरू होतात. ‘स्नोअर’ घोरणे, ‘स्निफ’ हुंगणे, ‘स्नॉट’ शेंबूड, ‘स्नाउट’ जनावराचे लांब नाक, ‘स्निअर’ नाक मुरडणे, ‘स्नीझ’ शिंकणे. पुस्तिकेतही ही यादी होती. अर्थात ‘स्नो’, ‘स्नेक’ आणि ‘स्नेल’ यांना, म्हणजे बर्फ, साप आणि गोगलगायीला, तिथे प्रवेश नव्हता.

यातला ‘स्नीझ’ जन्मतः ‘स्न’चा नाही. जुन्या इंग्रजीत शिंकण्याच्या शब्दाची सुरुवात एफ-एनने होत असे. ‘फ्न’ने सुरू होणारे शब्द भाषेतून हळूहळू नाहीसे झाले आणि हा एकटा पडला. त्या काळी एस या अक्षराचे एक लांब रूप लिहीत, ते एफसारखे दिसे, त्यामुळे वाचणाऱ्यांची गल्लतही झाली असावी. कारण काहीही असो, ‘फ्नीझ’चा ‘स्नीझ’ झाला आणि तो टिकला. कोशकार सांगतात की नवे रूप शिंकेला अधिक शोभते असे लोकांना वाटले असावे. शोभते का वाटले? कारण नाकाची मंडळी तिथे आधीच बसली होती. अक्षराने शब्दाला अर्थ दिला नाही. अर्थाने शब्दाला त्या अक्षराकडे ओढले.

पुण्यात तांबट आळी आहे. त्या आळीच्या नावात तांबे घडवायची शक्ती नाही. आळीतला प्रत्येक जण तांबट नसतो आणि प्रत्येक तांबट त्याच आळीत राहत नाही. पण बाहेरगावाहून आलेला तांबट बिऱ्हाड शोधताना आधी तिथे जाणार. वस्ती अशी वाढते. इंग्रजीतले ‘ग्ल’ आणि ‘स्न’ या अशा आळ्या आहेत.

कधी आळी बसवणारा छापखान्यातला माणूसही असतो. भूत या अर्थाच्या ‘घोस्ट’मध्ये आज जी-एच दिसते. जुन्या इंग्रजीत तिथे एच नव्हता. विल्यम कॅक्सटनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छपाई आणली. त्याआधी त्याची बरीच वर्षे फ्लँडर्सकडे गेली होती. तिकडच्या लेखनाच्या वळणाने हा एच घुसला, असे मानतात. मग ‘घोस्ट’चे पाहून भीषण या अर्थाच्या ‘घास्टली’लाही एच लागला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अरबीतून ‘घूल’ आला, प्रेते खाणारा पिशाच. झाली भीतीची आळी तयार! तिच्यात आपले तूप ‘घी’ आणि आपला ‘घाट’ही बसले आहेत, आणि त्यांना कोणी घाबरत नाही.

जे खरे आहे तेही सांगू

इथे थांबलो तर तीस वर्षांपूर्वीचीच चूक उलट्या बाजूने होईल, सोयीचे तेवढे लिहिण्याची. दुसऱ्या पारड्यातही वजन आहे.

जे. आर. फर्थ हा इंग्रज भाषाशास्त्रज्ञ. १९१९ ते १९२८ या काळात तो लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. इंग्लंडला परतल्यावर १९३० मध्ये त्याने ‘स्पीच’ हे छोटे पुस्तक लिहिले. ‘ग्ल’, ‘स्न’, ‘स्ल’ अशा ध्वनिगटांसाठी ‘फोनेस्थीम’ ही संज्ञा त्याने दिली. नाव देताना त्याने त्यात निसर्गाचे गूढ पाहिले नाही. त्याच्या मते हा सवयीचा परिणाम. एकाच प्रसंगी, एकाच भावात पुन:पुन्हा ऐकलेले ध्वनी तो भाव जागवू लागतात.

ही सवय खरीच डोक्यात असते का, याची परीक्षा बेंजामिन बर्गेन यांनी घेतली. त्यांचा निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावर एक शब्द क्षणभर दाखवायचा, मग दुसरा दाखवून तो खरा शब्द आहे की बनावट हे चटकन सांगायला लावायचे. ‘ग्लिटर’नंतर ‘ग्लो’ दाखवला की इंग्रजी भाषकांना तो लवकर ओळखू येई. नुसता ध्वनी समान असलेल्या किंवा नुसता अर्थ समान असलेल्या जोड्यांना हा फायदा तेवढा मिळत नसे. ध्वनी आणि अर्थ दोन्ही जुळतात पण भाषेत ज्यांची मोठी वस्ती नाही, अशा जोड्यांनाही तो मिळाला नाही. म्हणजे आळी लोकवस्तीने खरी होते. ज्याची मातृभाषा इंग्रजी, त्याच्या मनात ‘ग्ल’ ऐकताच उजेडाची एक खिडकी किलकिली होते, यात शंका नाही.

काही ठिकाणी निसर्गही थोडे बोलतो. जगातल्या हजारो भाषांच्या शब्दयाद्या तपासून २०१६ मध्ये काही संशोधकांनी दाखवले की नाकासाठीच्या शब्दात ‘न’ असण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक आहे, एकमेकींशी नाते नसलेल्या भाषांतही. ‘न’ नाकातून उच्चारला जातो, हे त्याचे सरळ कारण असू शकते. पण हा कल आहे, नियम नाही.

कल आणि नियम यांतली रेघ पुसली की काय होते, ते मार्गारेट मॅग्नस यांच्या ‘गॉड्स ऑफ द वर्ड’ या १९९९ च्या पुस्तकात दिसते. प्रत्येक व्यंजनाला स्वतःचा अर्थ असतो, ही त्यांची भूमिका. त्यांचे श्रम नाकारता येत नाहीत. इंग्रजीतले एकाक्षरी उच्चाराचे शब्द त्यांनी ध्वनींनुसार आणि अर्थांनुसार वर्गवारी करून मांडले. माझ्यासारखे गैरसोयीचे शब्द गाळून मोकळ्या झाल्या नाहीत. काही शब्दांचे अर्थ केवळ सान्निध्याने एकत्र येतात, हेही त्या मान्य करतात. अडचण वर्गांच्या रुंदीची आहे. एकेका ध्वनीसाठी प्रकाश, घसरणे, चिकटणे, गोलाई असे अनेक कप्पे केले, की कोणताही शब्द कुठल्या ना कुठल्या कप्प्यात बसतोच. ज्या जाळ्यातून एकही मासा सुटत नाही, ते जाळे माशांबद्दल काही सांगत नाही.

असा मोह मराठीतही पडतो, म्हणून मी एकदा आपला ‘झ’ घेऊन पाहिला. झळाळी, झगमग, झगझगीत, झकाकी, झळकणे. वाहवा! त्यातली झिलई तर अरबी-फारसी वाटेने आलेल्या ‘जिला’शी नाते सांगते. ज सोडून ती झकडे सरकली, ती झळाळीच्या ओढीने असेल का, असा विचार मनात येतो. पण लगेच झाड, झोप, झोळी, झुरळ आणि झगडा दारात उभे राहतात. आणि चमक, लकाकी, तळपणे, उजेड हे झच्या बाहेर निवांत बसलेले असतात. मोल्सवर्थच्या कोशातली झची पाने मी पूर्वी झळाळीसाठी चाळत असे. आता झुरळासाठीही चाळतो.

वहीचे पुढचे पान

‘ग्लव्ह कुठे गेला?’ या प्रश्नाचा मला अनेक वर्षे राग होता. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्याला दाखवलेली जागा, असे मला वाटे. राग गेला तो एका चरित्रामुळे. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाचा जी हा विभाग ज्याने संपादला, तो हेन्री ब्रॅडली शेफील्डमधल्या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या एका पेढीत वीसएक वर्षे कारकून होता. भाषा तो आपल्या आपण शिकला. कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, तेव्हा त्याने त्याचे परीक्षण लिहिले. त्यातली जाण आणि चुका दाखवण्यातला नेमकेपणा पाहून मुख्य संपादक जेम्स मरे यांनी त्याला कामात ओढले आणि पुढे तो त्यांचा सहसंपादक झाला. ‘ग्लो’ आणि ‘ग्लव्ह’ दोन्ही त्याच्या हातून गेले आणि त्याने एकही गाळला नाही. घरी शिकलेल्या माणसाला अडवते ती पदवी नव्हे, गाळण्याची सवय. हे मला जी-एलच्या पानांनीच शिकवले.

शेजारच्या मुलाला मी सांगितले ते इतकेच. पहिल्या अक्षरावरून अर्थ ओळखायला जाऊ नकोस, फसशील. कोशात अर्थ पाहा. पाहिल्यावर मात्र ‘ग्लीम’ला ‘ग्लो’शेजारी लिहून ठेव, लक्षात राहायला मदत होईल. अर्थ सांगायला आळीचे नाव पुरत नाही, पण एकदा भेटलेला माणूस पुन्हा आठवायला ते उपयोगी पडते. आणि त्याच पानावर ‘ग्लिब’ लिही, उदास या अर्थाचा ‘ग्लम’ लिही, दुसऱ्याच्या फजितीवर खूश होण्याचा ‘ग्लोट’ लिही.

त्याने पुस्तिका माझ्याकडेच ठेवली आहे. तो गेल्यावर मी जुन्या वहीच्या पहिल्या पानावरचे वाक्य खोडले नाही. त्याखाली, तीस वर्षे रिकाम्या राहिलेल्या ओळींवर, ग्लव्हपासून सुरुवात केली.